ब्रिटनचे बदललेले आश्रय-नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लेस्टरमध्ये राहते. दर शनिवारी एका चर्चच्या हॉलमध्ये इंग्रजी बोलायला शिकवण्याचा वर्ग चालतो, तिथे मदतीला जाते. वर्गात येणारे बहुतेक जण आश्रय मागून निर्णयाची वाट बघत असतात. दुसरीकडे पुणे, नाशिक, सांगलीहून ओळखीपाळखीच्यांचे फोन येत असतात: 'व्हॉट्सॲपवर असं आलंय, खरं का?' दोन्हीकडचे प्रश्न वर्षभर वहीत लिहून ठेवले, ते इथे उत्तरांसह देते आहे. मी वकील नाही. ही माहिती डिसेंबर २०२५ पर्यंतची आहे आणि इथले नियम सध्या इतक्या भराभर बदलतात की तारीख बघितल्याशिवाय कशावरही विसंबू नका.

आश्रय मागणारा, निर्वासित आणि बेकायदा राहणारा, हे सगळे एकच ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. स्वतःच्या देशात धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगटाचा म्हणून छळ होईल अशी सकारण भीती ज्याला आहे, तो १९५१ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे निर्वासित. ही भीती खरी आहे की नाही हे सरकार तपासत असतं, तोवर तो आश्रय मागणारा. ज्याचा व्हिसा संपला आहे आणि ज्याने काहीच मागितलेलं नाही, त्याची गोष्ट वेगळी. आश्रय मागणं हा गुन्हा नाही, आणि दुसऱ्या देशात जाऊन तो मागण्याचा हक्क माणसाला आहे.

गेल्या तीन-चार वर्षांत कायदा नेमका किती वेळा बदलला?

मोठे कायदेच मोजले तर चार वेळा. २०२२ च्या कायद्याने परवानगीशिवाय येण्याची शिक्षा चार वर्षांपर्यंत वाढवली आणि निर्वासितांचे दोन गट पाडले: थेट आलेले आणि दुसऱ्या देशातून फिरत आलेले. वर्षभरातच ही गटवारी गुंडाळून ठेवावी लागली. जुलै २०२३ च्या कायद्याने तर परवानगीशिवाय आलेल्याचा अर्ज ऐकायचाच नाही, त्याला बाहेर काढायचं, असं ठरवलं. पण बाहेर म्हणजे कुठे? अफगाणिस्तानला? एरिट्रियाला? जागाच नव्हती. त्या कायद्याचा मुख्य भाग कधी अमलातच आला नाही. तरी त्याची सावली पडायची ती पडली, कारण हजारो अर्ज कोणी उघडून बघेना.

मग एप्रिल २०२४ मध्ये, परवानगीशिवाय आलेल्यांना आफ्रिकेतल्या रवांडा देशात धाडून देण्यासाठीचा रवांडाचा कायदा आला आणि २ डिसेंबर २०२५ ला चौथा. या चौथ्याने रवांडाचा कायदा रद्द केला, २०२३ च्या कायद्याचा बराचसा भाग काढून टाकला आणि माणसांची चोरटी वाहतूक करणाऱ्या टोळ्यांवर लक्ष वळवलं. बोटी किंवा इंजिनं असं साहित्य पुरवणाऱ्याला आता चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

आश्रय मागणाऱ्याच्या बाजूने बघा. २०२३ मध्ये आलेल्या माणसाला आधी सांगितलं, 'तुझा अर्ज ऐकणार नाही', मग 'तुला रवांडाला धाडू', मग 'थांब, ऐकतो'. माणूस तोच, त्याची हकीकत तीच. जून २०२३ मध्ये पहिल्या निर्णयाची वाट बघणाऱ्यांची संख्या १,७५,४५७ वर गेली होती. नंतर ती बरीच खाली आली, पण ज्यांची दोन-तीन वर्षं त्यात गेली त्यांना ती परत कोण देणार?

रवांडाला शेवटी किती जण गेले?

सक्तीने एकही नाही. योजना एप्रिल २०२२ मध्ये जाहीर झाली. पहिलं विमान १४ जून २०२२ ला उडणार होतं, ते युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या हस्तक्षेपामुळे ऐन वेळी थांबलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाचही न्यायमूर्तींच्या एकमताने योजना बेकायदा ठरवली: रवांडातून या लोकांना पुन्हा त्यांच्याच देशात परत पाठवलं जाण्याचा धोका आहे, म्हणून. त्यावर सरकारने 'रवांडा सुरक्षित आहे' असा कायदाच करून टाकला. जुलै २०२४ च्या निवडणुकीनंतर नव्या सरकारने ती योजना मोडीत काढली. चार माणसं पैसे घेऊन स्वखुशीने गेली होती. नव्या सरकारने संसदेत खर्चाचा आकडा सांगितला तो ७० कोटी पौंडांचा.

'आता निर्वासितांना फक्त अडीच वर्षं राहू देणार' हे खरं आहे का?

गृहमंत्री शबाना महमूद यांनी १७ नोव्हेंबर २०२५ ला जाहीर केलेल्या धोरणातलं हे सर्वांत मोठं कलम आहे. आजवरची रीत अशी होती: आश्रय मंजूर झाला की पाच वर्षांचा परवाना, आणि पाच वर्षांनंतर कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज. नव्या आराखड्यात परवाना तीस महिन्यांचा, म्हणजे अडीच वर्षांचा. दर वेळी पुन्हा तपासणी, आणि मूळ देश सुरक्षित झाला असं सरकारला वाटलं तर परत जायचं. कायमचं वास्तव्य वीस वर्षांनी. नोकरी करणाऱ्याला किंवा शिकणाऱ्याला फी भरून वेगळ्या मार्गावर जाता येईल आणि तिथे ही मुदत कमी होऊ शकेल.

हे डेन्मार्ककडून घेतलं आहे. तिथे २०१९ पासून निर्वासितांचं वास्तव्य तात्पुरतंच धरतात आणि दमास्कस परिसर सुरक्षित झाला म्हणून काही सीरियन लोकांचे परवाने काढूनही घेतले होते.

यातले बरेच बदल नवा कायदा न करता, इमिग्रेशनच्या नियमांत दुरुस्ती करून आणता येतात. त्यामुळे 'संसदेत अजून काही झालं नाही' म्हणून निर्धास्त राहू नका. आधी मंजुरी मिळालेल्यांचं काय आणि नव्याने अर्ज करणाऱ्यांचं काय, हे तारखांवर ठरतं. स्वतःच्या अर्जाची पावती जपून ठेवा.

आमच्या वर्गात सुदानची एक बाई येते. तिचे सगळे कागद पावाच्या रिकाम्या प्लॅस्टिक पिशवीत, वर रबर बँड. हे धोरण जाहीर झालं त्या आठवड्यातल्या शनिवारी तिने वहीच्या मागच्या पानावर मुलाचं वय लिहिलं, सात, आणि त्यात अडीच-अडीच मिळवत गेली. साडेनऊ, बारा, साडेचौदा, सतरा. मग पेन खाली ठेवून तिने मला विचारलं, 'यातल्या कुठल्या आकड्याला त्याला सांगू, की आता हे आपलं घर?' मला उत्तर देता आलं नाही. सुरक्षा देणं म्हणजे नुसता जीव वाचवणं नाही, पुन्हा रुजू देणंही त्यात येतं, असं मी मानते. दर अडीच वर्षांनी मुळं उपटून बघितली तर रोप धरणार कसं?

बायको-मुलांना आणता येतं का?

सध्या निर्वासितांसाठीच्या जुन्या मार्गाने नाही. ४ सप्टेंबर २०२५ च्या दुपारी तीन वाजल्यापासून नवे अर्ज घेणं थांबवलं आहे.

त्याआधी आश्रय मंजूर झालेल्याला नवरा किंवा बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं आणता येत. फी नव्हती, उत्पन्नाची अट नव्हती. जून २०२५ पर्यंतच्या वर्षभरात या मार्गाने सुमारे २१ हजार व्हिसा दिले गेले आणि त्यात बहुतांश बायका आणि मुलं होती. आता बाकीच्यांना लागू असलेल्या कौटुंबिक व्हिसाच्या अटी: वर्षाला २९,००० पौंडांचं उत्पन्न, जोडीदाराची इंग्रजीची परीक्षा, भरमसाट फी. ज्याला काल-परवापर्यंत काम करायची परवानगीच नव्हती, त्याने हे उत्पन्न दाखवायचं.

एका एरिट्रियन गृहस्थांचा फॉर्म आम्ही ऑगस्टमध्ये भरायला घेतला होता. लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर यायचं होतं, म्हणून शेवटचं बटण दाबायचं ठेवलं. दाखला आला सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. फॉर्म अजून त्यांच्या फोनमध्ये तसाच आहे, बायको अदिस अबाबाला आहे. त्या दाखल्याची वाट न बघता अर्ज आधी पाठवून द्यायला हवा होता, कागद मागाहून जोडता आला असता का हे तेव्हाच विचारायला हवं होतं, हे मला अजूनही टोचतं. म्हणून सांगते, इथे 'पुढच्या आठवड्यात करू' चालत नाही.

दागिने काढून घेतात म्हणे. मंगळसूत्रसुद्धा?

नाही. ज्यांच्याकडे मालमत्ता किंवा उत्पन्न आहे त्यांनी राहण्याजेवणाच्या खर्चाला हातभार लावावा, असं नोव्हेंबरच्या धोरणात आहे. त्यावरून गदारोळ उठला तेव्हा लग्नाच्या अंगठीसारख्या, भावनिक मोलाच्या वस्तू घेणार नाही असं सरकारने स्पष्ट केलं. दागिन्यांचा मूळ कायदा डेन्मार्कचा, २०१६ चा. तिथे दहा हजार क्रोनरपेक्षा मौल्यवान ऐवज जप्त करता येतो, पण लग्नाची अंगठी त्यातही वगळलेली आहे.

हॉटेलात फुकट राहतात, मग त्रास कसला?

हॉटेल या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते विसरा. एका खोलीत अख्खं कुटुंब, किंवा एकमेकांची भाषा न येणारे दोन-तीन पुरुष. स्वयंपाक करायला मनाई. जेवण मिळतं अशा ठिकाणी हातात आठवड्याला ९ पौंड ९५ पेन्स पडतात. स्वतः रांधायची सोय असलेल्या घरात ठेवलं तर ४९ पौंड १८ पेन्स, आणि त्यात खाणं, कपडे, बसचं तिकीट, मोबाइल सगळं. बसचं जाऊन-येऊन तिकीट काढलं की ९ पौंड ९५ मधलं किती उरतं, याचा हिशेब आमच्या वर्गातले लोक इंग्रजी आकडे शिकताना करतात. म्हणून पुष्कळ जण तीन-चार मैल चालत येतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये ५६ हजारांवर लोक हॉटेलांत होते, जून २०२५ मध्ये ३२ हजारांच्या आसपास. या सरकारने आपली मुदत संपण्याआधी हॉटेलं बंद करायचं आश्वासन दिलं आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात एपिंग या गावातल्या हॉटेलासमोर मोठी निदर्शनं झाली. तिथे राहणाऱ्या एकावर लैंगिक अत्याचाराचा आरोप होता आणि पुढे त्याला शिक्षाही झाली. गावकऱ्यांचा संताप मला समजतो. पण एका गुन्हेगारासाठी त्याच इमारतीतल्या प्रत्येकाला खिडकीआड दडून बसायला लागावं, हे मला मान्य नाही.

निराधार अर्जदाराला निवारा देणं आजवर सरकारवर बंधनकारक होतं. नव्या धोरणात ते सरकारच्या मर्जीवर ठेवायचं ठरलं आहे.

वाट बघताना नोकरी करता येते का?

पहिले बारा महिने नाही. त्यानंतरही उशीर तुमच्यामुळे झालेला नसेल तर परवानगी मागता येते आणि मिळाली तरी मनुष्यबळाची टंचाई असलेल्या ठरावीक कामांच्या यादीतलंच काम करता येतं. 'कॅशमध्ये देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. पकडले गेलात तर केसवर परिणाम होतो.

बोटीनेच का येतात? रीतसर व्हिसा काढून का नाही?

कारण आश्रयासाठी व्हिसा नावाची गोष्टच नाही. अर्ज ब्रिटनच्या भूमीवर उभं राहूनच करावा लागतो आणि इथे यायला जो व्हिसा लागतो तो सुदानच्या किंवा अफगाणिस्तानच्या सामान्य माणसाला मिळत नाही. युक्रेन आणि हाँगकाँगच्या लोकांसाठी वेगळ्या योजना काढल्या, त्यामुळे ते रबरी बोटीत दिसत नाहीत. मार्ग दिला की लोक मार्गाने येतात, याचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

२०२२ मध्ये ४५ हजारांहून अधिक लोक छोट्या बोटींतून फ्रान्सच्या बाजूने इंग्लिश खाडी ओलांडून आले, २०२४ मध्ये ३६,८१६. २४ नोव्हेंबर २०२१ च्या पहाटे एक बोट बुडून किमान २७ जण गेले. ते रात्रभर फोन करून मदत मागत होते. नोव्हेंबर २०२५ च्या धोरणात नवे सुरक्षित मार्ग काढण्याचं वचन आहे, पण संख्येची मर्यादा घालून आणि सुरुवातीला अगदी लहान प्रमाणावर.

फ्रान्सबरोबरचा 'एक पाठवा, एक घ्या' करार काय आहे?

ऑगस्ट २०२५ पासून तो लागू आहे. बोटीने आलेल्या काहींना फ्रान्सला परत पाठवायचं आणि तितक्याच जणांना फ्रान्समधून रीतसर आणायचं. सध्या तो जून २०२६ पर्यंतचा प्रयोग आहे. १८ सप्टेंबर २०२५ ला या कराराखाली विमानाने पॅरिसला परत पाठवलेला पहिला माणूस भारतीय नागरिक होता. एक इराणी माणूस परत पाठवल्यावर महिन्याभरात पुन्हा बोटीने आला आणि त्याला पुन्हा पाठवलं. येणाऱ्यांच्या तुलनेत परत जाणाऱ्यांची संख्या फार छोटी आहे.

भारतीय माणसाला ब्रिटनमध्ये आश्रय मिळतो का?

क्वचितच. भारतीयांचे अर्ज मंजूर होण्याचं प्रमाण अगदी नगण्य आहे. शिवाय सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारत आणि जॉर्जियाला 'सुरक्षित देशां'च्या यादीत घालायचा प्रस्ताव आणला आणि संसदेने तो मान्य केला. सुरक्षित देशाच्या नागरिकाचा अर्ज, अपवादात्मक परिस्थिती नसेल तर, खोलात न जाता अग्राह्य ठरवायचा, अशी त्यामागची तरतूद आहे. २०२३ च्या कायद्याचा बराचसा भाग मोडीत निघाला, पण ही तरतूद २०२५ च्या कायद्यानेही ठेवली. परत पाठवण्याबाबत भारत आणि ब्रिटनमध्ये मे २०२१ चा करारही आहे.

याचा अर्थ कोणाही भारतीयाला खरा धोका असूच शकत नाही, असं मी म्हणणार नाही. आंतरजातीय लग्न केलेलं जोडपं, समलिंगी मुलगा, घरचेच जिवावर उठतील म्हणून भिणारी मुलगी, अशा हकिकती मी ऐकल्या आहेत. पण अधिकारी पहिला प्रश्न विचारतात तो हा: तुम्ही भारतातल्याच दुसऱ्या राज्यात जाऊन सुरक्षित राहू शकत नव्हता का? एवढ्या मोठ्या देशात याचं उत्तर देणं फार अवघड जातं.

माझ्या मुलाचा स्टुडंट व्हिसा संपतोय. एजंट म्हणतो, असायलम, म्हणजे आश्रयाचा अर्ज, टाकून द्या, दोन वर्षं निघतील. टाकू का?

नका टाकू. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२०२४ मध्ये आश्रय मागणाऱ्या सुमारे १,०८,००० लोकांपैकी १६,००० च्या आसपास लोक विद्यार्थी व्हिसावर आलेले होते. सरकारचं लक्ष आता नेमकं तिथे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये व्हिसा संपत आलेल्या हजारो परदेशी विद्यार्थ्यांना त्यांनी मेसेज आणि ईमेल पाठवून बजावलं: दम नसलेला अर्ज केलात तर तो झटपट फेटाळू आणि मुदत संपल्यावर राहिलात तर बाहेर काढू.

अर्ज केला की पासपोर्ट जमा होतो. काम सहसा बंद. आजी वारली तरी भारतात जाता येत नाही, गेलात तर अर्ज निकालात निघतो. खोटी हकीकत किंवा बनावट कागद दिल्याचं ठरलं तर पुढे दहा वर्षांपर्यंत व्हिसा नाकारला जाऊ शकतो. एजंटचे पैसे तेवढे आधी जातात. कर्ज काढून, शेत गहाण टाकून मुलगा शिकायला आला आहे, त्याला रिकाम्या हाताने परतायचं तोंड नाही, हे मला दिसतं. तरीही परत या. डिग्री घेऊन परत येण्यात कमीपणा नाही. आणि त्या रांगेत प्रत्येक खोटा अर्ज एका खऱ्या माणसाच्या पुढे उभा राहतो.

सल्ला कोणाकडून घ्यायचा?

सॉलिसिटर किंवा इमिग्रेशन सल्ला प्राधिकरणाकडे नोंदलेला सल्लागार, यांच्याकडूनच. नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे, मग तो देणारा मंडळातला ओळखीचा काका असो की दुकानाच्या मागे टेबल टाकून बसलेला एजंट. नोंदलेल्यांची यादी इंटरनेटवर खुली आहे. उत्पन्न नसेल तर आश्रयाच्या केससाठी सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, फक्त शोधायला चिकाटी लागते.

मुलाखतीत काय बघतात?

सुसंगती. आधी एक छोटी मुलाखत होते: नाव-गाव, प्रवास कसा केला, थोडक्यात कारण. पुढे कित्येक महिन्यांनी मोठी मुलाखत. दोन्हींतल्या तारखा जुळल्या नाहीत की विश्वासार्हतेवर बोट ठेवतात. मार खाल्लेल्या माणसाला तारीख आठवत नाही, त्या खोलीतला वास आठवतो, हे अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत असलं तरी समोरच्या टेबलावर नेहमी असतंच असं नाही. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा, अंदाजाने तारीख ठोकू नका. दुभाषा फुकट मिळतो. मराठी हवी तर मराठीच मागा, 'हिंदी चालेल' म्हणून स्वतःच्या हकिकतीवर पाणी सोडू नका. दुभाषाचं बोलणं कळत नसेल तर तिथल्या तिथे सांगा.

अर्ज फेटाळला तर अपिलाला साधारणपणे चौदा दिवस असतात. अपिलांची रांग हल्ली लांबली आहे, म्हणून नवी स्वतंत्र अपील यंत्रणा उभारायचा सरकारचा विचार आहे.

भारतात असा कायदा आहे का?

नाही. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. पण आपल्याकडे आश्रयाची परंपरा आहे आणि तिचं एक टोक थेट ब्रिटनला जोडलेलं आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, सैबेरियातून सुटून आलेल्या बायका-मुलांची. शाळा, चर्च, दवाखाना सगळं तिथे होतं. छावणी मिटली तेव्हा त्यांतले पुष्कळ जण ब्रिटनला आले आणि कायमचे इथले झाले. त्याच सुमारास, १९४७ मध्ये, ब्रिटनने पोलिश लोकांना वसवण्यासाठी खास कायदा केला होता. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेले सुमारे २८ हजार आशियाई आले. मी राहते त्या शहराच्या बाजारपेठा त्यांनी उभ्या केल्या. त्यांच्यापैकी कोणाला दर अडीच वर्षांनी 'तुझा देश आता बरा आहे का' असं विचारलं गेलं नाही.

निर्वासिताला पुढे नागरिकत्व मिळतं का?

रीतसर आलेल्याला मिळू शकतं. पण १० फेब्रुवारी २०२५ पासूनच्या सूचनेप्रमाणे, जो बेकायदा मार्गाने देशात आला त्याचा नागरिकत्वाचा अर्ज, मधे कितीही वर्षं गेली तरी, सहसा नाकारायचा आहे. राहता येईल, कर भरता येईल, पासपोर्ट मात्र मिळेलच असं नाही.

आश्रय मंजूर झाला. आता पहिलं काय करायचं?

आनंद करा, पण त्याच दिवशी घर शोधायला लागा. मंजुरी मिळाली की सरकारी निवारा सोडावा लागतो. डिसेंबर २०२४ पासून त्यासाठी ५६ दिवस देत होते, सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक एकट्या माणसांसाठी पुन्हा २८ दिवस केले आहेत. आधी ऑनलाइन ई-व्हिसाचं खातं उघडून नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना ते बघा, कारण बँक, घरमालक आणि नोकरी देणारा, तिघंही तेच तपासतात. त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या गृहनिर्माण विभागात जाऊन बेघर होणार असल्याची नोंद करा, सरकारी भत्त्याचा अर्ज टाका आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर तसं लेखी सांगा, त्यांना प्राधान्य मिळतं. सगळ्या कागदांचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा. आमच्या वर्गात आता हे सुदानच्या त्या बाईच नव्या माणसाला शिकवतात, फोन हातात घेऊन, एकेक पान सरळ धरून.